दोन उद्रेकांमधली माती

परांडा तालुक्यातलं सोनारी हे गाव काळभैरवनाथामुळे ओळखलं जातं. चैत्रातल्या यात्रेला लांबलांबून माणसं येतात, नवस फेडतात, नारळ फोडतात आणि आपापल्या गावी परततात. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, शिवारातच, साडेसहा कोटी वर्षांचा मजकूर उघडा पडलेला असतो. या पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या, आतून न बांधलेल्या विहिरीच्या काठाशी उभं राहावं आणि समोरची भिंत वरून खाली वाचत जावी. आधी काळी माती, उन्हाळ्यात भेगाळलेली. तिच्याखाली मुरूम. मग काळा पाषाण, उभ्या चिरांनी फाटलेला, ज्याच्यापुढे पहार बोथट होते आणि सुरुंग लावावा लागतो. आणि पाषाण संपतो तिथे एक तांबडा पट्टा. पट्ट्याखाली मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा, पांढऱ्या गारगोट्यांनी भरलेला मऊ खडक. त्याच्याखाली पुन्हा पाषाण.

त्या तांबड्या पट्ट्याला विहीर खोदणारे गेरू म्हणतात. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत त्याचं नाव रेड बोल. जाडी कधी चार बोटं, कधी पुरुषभर. सुका तुकडा चिमटीत दाबला की त्याची भुकटी होते आणि बोटं विटकरी होतात. ओला असेल तर बुळबुळीत लागतो. वरच्या अंगाला, जिथे पाषाण त्याच्यावर टेकलेला असतो, तिथे मात्र तो चांगलाच टणक असतो. तो पाषाण वितळलेल्या रूपात येऊन त्याच्यावर पसरला, त्या वेळची ती भाजणी. खालच्या अंगाला तो मांजऱ्यात असा मिसळत जातो की गेरू कुठे संपला आणि खडक कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. येणारही नाही, कारण बहुतेक ठिकाणी गेरू ही त्या खालच्याच खडकाची कुजून झालेली माती आहे.

एक लाव्हा आला, पसरला, थिजला. मग पुष्कळ काळ काहीच आलं नाही. उन्हापावसात खडक कुजला, त्याची माती झाली, तिच्यात झाडं रुजली. मग दुसरा लाव्हा आला आणि त्या मातीला भाजून तिच्यावर बसला. महाराष्ट्राच्या ज्वालामुखीची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो ती आगीची: लाव्हा किती, जाडी किती, डायनासोर कसे मेले. सोनारीसारख्या कोरडवाहू मुलखात उभं राहून पाहिलं तर मला त्या आगीपेक्षा तिचे मधले मुक्काम जास्त महत्त्वाचे वाटतात. इथलं पाणी त्या मुक्कामांच्या आसपास आहे. इतकंच काय, उद्रेक नेमके कधी झाले हे कळलं तेसुद्धा शेवटी त्या मुक्कामांच्या मातीतूनच.

*

ज्वालामुखी म्हटला की डोळ्यांपुढे शंकूसारखा डोंगर येतो, माथ्यावर बर्फ आणि तोंडातून धूर. असा डोंगर दख्खनमध्ये शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. इथला लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला. त्या भेगांत शेवटी थिजून राहिलेला दगड भिंतीसारखा उभा असतो. धुळे-नंदुरबार भागात अशा भिंतींच्या रांगाच आहेत, आणि त्यांतली साक्री-धुळे-पारोळा ही एक तर सुमारे ७९ किलोमीटर लांब आहे. नाशिक-पुण्याकडे आणि कोकण किनाऱ्यालगतही त्या सापडतात. अशा भेगांतून आलेला रस सपाट मुलखावर पसरला, एकावर एक थर चढले आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने झाकलेला आहे.

बर्फाचं म्हणाल तर महाराष्ट्राने बर्फही पाहिलं आहे, फक्त आगीच्या फार आधी. चंद्रपूरजवळच्या इरई परिसरात १८७२ मध्ये फेडन या भूगर्भशास्त्रज्ञाला चुनखडकाचा एक घासून गुळगुळीत झालेला, समांतर ओरखडे उठलेला पृष्ठभाग सापडला. हिमनदी पोटात दगडगोटे घेऊन सरकताना खालच्या खडकावर असे ओरखडे काढते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाकडच्या एका मोठ्या खंडाचा भाग होता आणि विदर्भावर बर्फ होतं, त्याची ही खूण. दख्खनच्या भेगा फुटल्या त्या साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. बर्फ आणि आग यांच्यामध्ये तेवीस-चोवीस कोटी वर्षं गेली, त्यामुळे आपल्या भूमीवर ती दोघं कधी समोरासमोर आली नाहीत.

ती समोरासमोर येतात आइसलँडमध्ये, आणि दख्खन समजून घ्यायला तिथला एक ज्वालामुखी फार उपयोगी पडतो. वात्नायोकुल या अवाढव्य हिमनदीच्या पोटात ग्रिम्सव्होत्न नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या उष्णतेने तळाचं बर्फ वितळत राहतं, पाणी बर्फाखाली कोंडतं आणि कधी तरी पुरासारखं बाहेर फुटतं. १९९६ च्या सप्टेंबरअखेरीस त्याच्या शेजारी बर्फाखाली उद्रेक सुरू झाला. वितळलेलं पाणी ग्रिम्सव्होत्नच्या तळ्यात साचलं आणि नोव्हेंबरात ते असं सुटलं की किनाऱ्याकडच्या रस्त्यावरचे पूल वाहून गेले. १९९८, २००४ आणि २०११ मध्ये तो ज्वालामुखी स्वतः पुन्हा जागा झाला. अशा डोंगराचा इतिहास वाचणं तुलनेने सोपं असतं. दर हिवाळ्याला बर्फाचा नवा थर बसतो, उद्रेकाची राख त्यात अडकते, आणि थर मोजत खाली गेलं की वर्षं कळतात.

याच ग्रिम्सव्होत्नच्या भेगांच्या जाळ्याचा एक फाटा हिमनदीच्या बाहेर, उघड्या जमिनीवर येतो. त्याचं नाव लाकी. ८ जून १७८३ या दिवशी ती भेग फुटली आणि फेब्रुवारी १७८४ पर्यंत वाहत राहिली. २७ किलोमीटर लांबीची भेग, सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा आणि गंधकाच्या वायूचे असे लोट की युरोपभर धुरकट झालं. आइसलँडमध्ये गवत विषारी झालं, जनावरं मेली, मागोमाग दुष्काळ आला आणि देशातली जवळपास एक पंचमांश माणसं गेली. या उद्रेकाचं गंधक ग्रीनलंडच्या बर्फातही सापडतं. माणसाने डोळ्यांनी पाहिलेल्या, दख्खनच्या जातीच्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी हा एक.

इथे एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. दख्खनचा मुख्य काळ सुमारे साडेसात लाख वर्षांचा धरतात, आणि त्यात ११ लाख घन किलोमीटरहून जास्त लाव्हा आला असा अंदाज आहे. आकडा ऐकून छाती दडपते. पण भागाकार केला तर वर्षाला सरासरी दीड घन किलोमीटर पडतो. लाकीने आठ महिन्यांत पंधरा ओतला, म्हणजे वर्षाला बावीसच्या चालीने. दख्खन समजा लाकीच्याच चालीने वाहत असेल, तर एवढा सगळा थर रचायला पंधरा वर्षांत एक वर्ष वाहणं पुरतं. उरलेली चौदा वर्षं काय चाललं होतं? आणि हीसुद्धा फक्त सरासरी. दख्खनचा एकेक उद्रेक लाकीच्या कित्येक पट मोठा होता, म्हणून मधले खंडही तितकेच लांब, कधी हजारो वर्षांचे. दख्खनच्या ज्वालामुखीचा बहुतेक काळ शांततेचा होता. पाऊस पडत होता, ओढे वाहत होते, तळी साचत होती, आणि खडकाची माती होत होती.

*

ही शांतता प्रथम कोणाच्या लक्षात आली? माझं उत्तर असं की विहीर खोदणाऱ्यांच्या आणि दगड फोडणाऱ्या वडारांच्या. मुरूम, मांजऱ्या, पाषाण, गेरू ही नावं त्यांनी ठेवली. पाण्याची शक्यता, पहारीला लागणारी मेहनत आणि भिंत ढासळण्याची भीती, या तिन्हींचा अंदाज त्या नावांत आहे. पाषाणातून जातं, पाटा, वरवंटा, उखळ आणि किल्ल्याचा चिरा निघतो. मांजऱ्यातून यांपैकी काही निघत नाही. परांड्याच्या भुईकोटाचे बुरूज पाहताना हा फरक ओळखणाऱ्या हातांची आठवण ठेवायला हवी. धाराशिवजवळच्या बालाघाटातली लेणी कोरणाऱ्यांनाही थर ओळखूनच छिन्नी लावावी लागली असणार.

कागदावर ही गोष्ट आली ती एकोणिसाव्या शतकात. मुंबई सरकारच्या नोकरीतला कर्नल विल्यम हेन्री साइक्स दख्खनची माहिती गोळा करत पुणे, अहमदनगर, खानदेश हिंडला, आणि एकावर एक आडव्या बसलेल्या या काळ्या थरांचं वर्णन त्याने १८३३ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळापुढे मांडलं. त्याचा मुलूख इंग्रजी अमलाखालचा. सोनारी-परांडा तेव्हा निजामाच्या राज्यात. पण निजामाच्या राज्यातूनही लगेच भर पडली. माल्कमसन नावाच्या लष्करी डॉक्टरने निर्मळच्या डोंगरात दोन लाव्ह्यांच्या मधल्या थरातून शिंपले आणि गोगलगायी काढल्या आणि १८३७ मध्ये त्यांच्यावर निबंध वाचला. त्या गोगलगायी गोड्या पाण्यातल्या होत्या. फायसा नावाची ती छोटी, डावीकडे वळणारी गोगलगाय पुढे दख्खनच्या पूर्व भागात ठिकठिकाणी सापडत गेली.

एवढ्याशा शिंपल्याने एक मोठा वाद उभा केला. थर इतके सपाट कसे? समुद्राच्या तळाशी लाव्हा ओतला गेला म्हणून, असं मानणारे होते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूगर्भावर निबंध लिहिला. टाकळीसारख्या ठिकाणी त्यांना दोन लाव्ह्यांमधल्या थरात झाडांचे, फळांचे, किड्यांचे अवशेष मिळाले होते. त्यांना वाटलं, इथे कधी काळी एक अफाट सरोवर असावं. हिस्लॉप हा केवढा जिज्ञासू माणूस होता हे त्याच्या मृत्यूवरूनही कळतं. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून नागपूरला परतताना वाटेतल्या पुरात तो बुडाला. त्याच्यामागे चार वर्षांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ब्लॅनफोर्डने दख्खनच्या थरांवर लिहिताना चित्र स्पष्ट केलं: लाव्हा उघड्या जमिनीवर वाहिला, आणि सरोवर एक नव्हतं, उद्रेकांच्या मधल्या काळात लाव्ह्याच्या खोलगटांत साचलेली लहानमोठी पुष्कळ तळी होती. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच एका तळ्याच्या गाळात बेडकांचे सांगाडे सापडले होते. इंचभर लांबीच्या त्या बेडकांचं वर्णन रिचर्ड ओवेनने १८४७ मध्येच केलं होतं.

मला या टप्प्याचं फार अप्रूप वाटतं. ज्वालामुखीचा अभ्यास करायला निघालेल्या माणसांच्या हाती पहिला खरा पुरावा लागला तो बेडकांचा आणि गोगलगायींचा. आग लागून गेलेल्या जागी पाणी साचलं, आणि पाण्यात जीव आले.

*

लाव्हा वाहिला कसा, याचं उत्तर कळायला मात्र विसावं शतक संपत आलं. शेकडो किलोमीटर अंतर तो थिजल्याविना कसा गेला? पश्चिम घाटाच्या बाजूने निघालेल्या काही प्रवाहांचं नातं थेट आंध्रातल्या राजमुंद्रीजवळच्या लाव्ह्याशी जुळतं, म्हणजे हजार किलोमीटरच्या घरातली मजल. त्या वाटेवर आपला मराठवाडा येतो. उत्तर हवाई बेटांवरच्या चालत्या लाव्ह्याच्या निरीक्षणातून आलं, आणि दख्खनमध्ये ते पडताळून पाहण्यात पुण्याच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांचा मोठा वाटा आहे. तापल्या दुधावर साय धरते आणि खालचं दूध कढतच राहतं, तसं काहीसं. लाव्ह्याच्या वर कातडी धरते, आतला रस गरम राहून तिच्याखालून पुढे सरकतो, आणि मागून येणाऱ्या रसाच्या दाबाने ती कातडी वर उचलली जाते. हातभर जाडीचा पापुद्रा असा फुगत फुगत वीस-तीस मीटर होऊ शकतो. त्यामुळे मधला भाग सावकाश निवून घट्ट पाषाण होतो, आणि वर चढलेले वायूचे बुडबुडे माथ्याशी अडकून मांजऱ्या तयार होतो. पुढे त्या छिद्रांत झिरपणाऱ्या पाण्याने स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखी पांढरी खनिजं आणून बसवली. विहिरीच्या ढिगाऱ्यात चमकणाऱ्या त्या गारगोट्या पोरं खिशात भरतात. अजिंठा-जळगाव-नाशिककडचे त्यांचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत.

काळाचा प्रश्न त्याहून चिवट निघाला. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या पाषाणातलं चुंबकत्व मोजलं. लाव्हा थिजताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची त्या क्षणाची दिशा धरून ठेवतो. ती दिशा सांगत होती की हे दगड थिजले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खंड सरकतात यावर जगाचा विश्वास अजून बसायचा होता, त्या दिवसांत सह्याद्रीचा दगड ही साक्ष देत होता. पुढे हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखालच्या उष्ण स्रोतावरून भारत सरकला तेव्हा दख्खन फुटला, असं मत रूढ झालं. लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी खुणांची माळ दक्षिणेकडे जाते आणि तिच्या टोकाला रियुनियनचा ज्वालामुखी आजही धगधगतो आहे. हे मत सगळ्यांना मान्य आहे असं नाही. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांनी त्यावर नेटाने आक्षेप घेतले आहेत.

मग १९८० मध्ये अल्वारेझ पितापुत्रांनी इटलीतल्या एका पातळ मातीच्या थरात इरिडियम शोधलं आणि डायनासोरांचा अंत आकाशातून पडलेल्या अशनीने झाला असं मांडलं. १९९१ मध्ये मेक्सिकोतलं चिक्शुलुबचं विवर या घटनेशी जोडलं गेलं. दरम्यान फ्रान्सच्या कूर्तियोने १९८६ मध्ये दख्खनकडे बोट दाखवलं: उद्रेक नेमके त्याच सुमाराचे आहेत, तेव्हा दोष कोणाचा? भांडण सोडवायचं तर दख्खनच्या थरांचं वय काही हजार वर्षांच्या चुकीपर्यंत अचूक हवं होतं, आणि पाषाण ते सहजासहजी देत नव्हता. वय मोजायला सगळ्यांत भरवशाचा असतो झिरकॉनचा कण. काळ्या पाषाणात तो जवळपास नसतोच.

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोएन यांच्या चमूला तो सापडला गेरूमध्ये. एक उद्रेक संपून दुसरा यायच्या आधी, दुसरीकडच्या वेगळ्या जातीच्या ज्वालामुखीची राख वाऱ्यावर येऊन त्या मातीवर पडली होती, आणि राखेत झिरकॉन होते. पश्चिम घाटातल्या लाल थरांतून पोती भरभरून माती काढायची, धुवायची, चाळायची आणि डोळ्याला न दिसणारे कण वेचायचे, असं ते काम. २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की मुख्य उद्रेक डायनासोरांच्या अंताआधी सुमारे अडीच लाख वर्षं सुरू झाले. वर मांडलेला साडेसात लाख वर्षांचा हिशेबही त्यांचाच. २०१९ मध्ये त्यांनी चार मोठे झटके वेगळे करून दाखवले, त्यांतला एक अंताच्या जेमतेम काही दशसहस्र वर्षं आधीचा. त्याच वेळी बर्कलीच्या कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेने यांच्या चमूने पाषाणातल्याच आर्गॉनवरून वय काढलं, आणि त्यांचं म्हणणं पडलं की लाव्ह्याचा तीन चतुर्थांश भाग अशनी पडल्यानंतरचा आहे. दोघांचा मेळ अजून पुरता बसलेला नाही. मला स्वतःला गेरूची साक्ष जास्त ओढून घेते. आइसलँडमध्ये बर्फाने जे काम केलं, राख पोटात धरून ठेवण्याचं, ते इथे त्या विटकरी मातीने केलं.

*

सोनारीच्या खाली हे थर किती खोल जातात? नेमकी सोनारीत अशी मोजणी झाल्याचं माझ्या माहितीत नाही, पण दोन्ही बाजूंचे आकडे हाताशी आहेत, आणि दोन्ही भूकंपांनी दिलेले. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा शोध घेता घेता २०१७ मध्ये तिथे ३ किलोमीटर खोल भोक पाडण्यात आलं. १२४७ मीटरवर लाव्हा संपला आणि मूळचा ग्रॅनाइटी खडक लागला. पूर्वेला किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून माणसं नुकती पाठ टेकत होती तेव्हा जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. ज्या काळ्या दगडाच्या जाड भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवलं होतं, त्याच भिंती अंगावर आल्या. उमरगा-लोहाऱ्याकडच्या माणसांना ती पहाट आजही सांगताना थांबावं लागतं.

त्यानंतर किल्लारीत ६१७ मीटर खोल भोक घेतलं गेलं. लाव्हा ३३८ मीटरवर संपला. त्याखाली ८ मीटर गाळ, आणि मग शेकडो कोटी वर्षांपूर्वीचा नाइस खडक. त्या ८ मीटर गाळाचा विचार करताना मी नेहमी थबकतो. मराठवाड्यात पहिला लाव्हा येऊन पोचायच्या आधीची ती जमीन आहे. कुठल्या तरी ओढ्याने किंवा तळ्याने तो गाळ आणून टाकला, आणि मग त्याच्यावर ३३८ मीटरचं झाकण बसलं. पश्चिमेला १२४७, पूर्वेला ३३८. सोनारी या दोन आकड्यांच्या मधे आहे, उतरत्या बाजूला.

*

आता पाण्याकडे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या लाखो माणसांनी हा दगड हातांनी फोडला. रस्त्यासाठी खडी, पाझर तलावासाठी दगड, मजुरीत मिलो आणि पोरांच्या हातावर सुकडी. त्याच वर्षी राज्याने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली, आणि खेडोपाडी विंधन विहिरींची यंत्रं फिरू लागली. तोवर विहीर पन्नास-साठ फुटांची असायची आणि उन्हाळ्यात गाळ काढून तिला आणखी हात-दोन हात खाली न्यायचे. यंत्र आल्यावर खोलीचा हव्यास सुरू झाला. दोनशे फूट, चारशे, सहाशे. पाणाड्याने नारळ फिरवायचा, गाडीवाल्याने फुटावर पैसे घ्यायचे, आणि कोरड्या भोकाचं कर्ज शेतकऱ्याने फेडायचं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा सगळ्या मराठवाड्यात अशी किती भोकं पाडून झाली असतील कोण जाणे.

हा खडक वाळूसारखा सगळीकडून पाणी धरत नाही. पाषाणाच्या पोटात पाणी नसतं. त्याच्या चिरांत असतं, आणि चिरा जितकं खोल जावं तितक्या आवळत जातात. खरा साठा असतो वरच्या कुजलेल्या मुरमात, मांजऱ्यात, आणि एक लाव्हा संपून दुसरा सुरू होतो त्या सांध्याशी. गेरू स्वतः पाणी देत नाही. तो चिकण, पाणी अडवणारा. वरून पाषाणाच्या चिरांतून उतरलेलं पाणी गेरूवर येऊन थांबतं आणि त्याच्या अंगाने आडवं सरकत राहतं. म्हणून विहीर खोदताना गेरूच्या डोक्यावर ओल दिसली की खोदणाऱ्यांचे चेहरे बदलतात. हाच गेरू बोअरमध्ये मात्र छळतो. ओला झाला की फुगतो, ढासळतो, मोटर अडकवतो, आणि तेवढ्या खोलीला केसिंग घातलं नसेल तर भोक बुजतं.

महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहीर घ्यायला मनाई केली. गावागावांत हा नियम पाळला जातो असं म्हणायचं धाडस कोणी करणार नाही. पण त्या आकड्यामागचं शहाणपण मला पटतं. किल्लारीच्या हिशेबाने ६० मीटर म्हणजे सगळ्या लाव्ह्याचा जेमतेम सहावा हिस्सा, आणि पावसाचं पाणी ज्यात दरवर्षी पोचतं आणि भरून निघतं तो भाग बहुतेक तेवढाच. त्याच्याखाली लागलंच तर ते फार जुनं, सावकाश साचलेलं पाणी. एकदा उपसलं की पुन्हा कधी भरेल त्याचा भरवसा नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घरपट्टीच्या यादीशेजारी गावातल्या प्रत्येक विहिरीचे थर लिहून लावायला हवेत असं मला मनापासून वाटतं: मुरूम किती फुटांवर संपला, गेरू कुठे लागला, पाणी कुठून आलं. ही माहिती आज खोदणाऱ्यांच्या डोक्यात आहे आणि त्यांच्याबरोबर जाते आहे.

या पट्ट्यातले जाणते शेतकरी आता दुसरी एक वाट धरतात. विहीर आटली की नवं उभं भोक न पाडता तिच्यातच आडवं बोअर मारतात. छोटं यंत्र यारीने विहिरीत उतरवायचं, भिंतीत पाणी पाझरणारा सांधा हुडकायचा, बहुतेक वेळा तो गेरूच्या वरच्या अंगालाच असतो, आणि तिथून शेताच्या पोटात शंभर-दीडशे फूट सरळ आडवं जायचं. एका दिशेला नाही लागलं तर दुसऱ्या दिशेला. आडव्या भोकात तोच सांधा शंभर फूट हाताशी राहतो, आणि उभ्या भोकात तो यंत्राच्या टोकाखालून एका क्षणात निघून जातो. कामाला लागायच्या आधी मिस्त्री बॅटरीच्या उजेडात भिंतीवरून हात फिरवत तो तांबडा पट्टा शोधतो, कुठे ओला लागतो ते बघतो, खडूने खूण करतो आणि वर उभ्या असलेल्यांना ओरडून सांगतो की मशीन इथे लावा.